इंग्रजी उच्चार आणि भूतकाळाचा ‘ई-डी’ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या पानावर देवनागरीत लिहिलेले इंग्रजी शब्द कसे वाचावेत?

लिहिले आहेत तसेच, पण शेवटी कोणताही स्वर न जोडता. मराठीत ‘घर’ म्हणताना शेवटच्या ‘र’मधला ‘अ’ गळून पडतो. मात्र शब्दाच्या शेवटी जोडाक्षर आले, उदाहरणार्थ ‘रक्त’, ‘शब्द’ किंवा ‘मस्त’, की तो ‘अ’ थोडा का होईना ऐकू येतो. ही सवय इंग्रजी शब्दांना लागू केली की ‘वॉक्ट’चा उच्चार नकळत ‘वॉक्टऽ’ असा होतो आणि इंग्रजी कानाला तो परका वाटतो. म्हणून येथे भूतकाळी रूपांच्या शेवटी जाणीवपूर्वक पाय मोडलेले अक्षर दिले आहे : वॉक्ट्, प्लेड्, वॉन्टिड्. ‘झ’ हे अक्षर ‘झेरॉक्स’ किंवा ‘डिपॉझिट’ या शब्दांत आपण ज्या ध्वनीसाठी वापरतो, त्याच ध्वनीसाठी येथे वापरले आहे.

नियमित क्रियापदांच्या शेवटच्या ‘ई-डी’चा उच्चार नेमका कसा करायचा?

लेखनात शेपूट एकच असले, तरी त्याचे उच्चार तीन आहेत, आणि त्यांपैकी कोणता करायचा हे मूळ क्रियापद ज्या ध्वनीने संपते त्यावर ठरते.

मूळ क्रियापदाच्या शेवटी ट् किंवा ड् हा ध्वनी असेल, तर ‘इड्’ असा स्वतंत्र तुकडा जोडला जातो आणि शब्द एका सिलॅबलने वाढतो : वॉन्ट – वॉन्टिड्, स्टार्ट – स्टार्टिड्, नीड – नीडिड्, डिसाइड – डिसाइडिड्. शेवटी कठोर ध्वनी असेल, म्हणजे प्, क्, फ्, स्, श्, च् किंवा ‘थिंक’मधला थ्, तर फक्त ‘ट्’ लागतो : हेल्प्ट्, वॉक्ट्, लाफ्ट्, मिस्ट्, वॉश्ट्, वॉच्ट्. उरलेल्या सर्व ठिकाणी, म्हणजे मृदू व्यंजनानंतर आणि कोणत्याही स्वरानंतर, ‘ड्’ लागतो : रॉब्ड्, कॉल्ड्, क्लीन्ड्, लिव्ड्, चेंज्ड्, प्लेड्.

सिलॅबल म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा शब्दाचा तुकडा. ‘वॉक’ आणि ‘वॉक्ट्’ हे दोन्ही एकाच झटक्यात उच्चारायचे आहेत. ‘वॉन्ट’ एका झटक्यात आणि ‘वॉन्टिड्’ दोन झटक्यांत उच्चारला जातो. येथे उरलेले बहुतेक सगळे या एका फरकातून निघते.

कठोर आणि मृदू हे शाळेतले शब्द झाले. प्रत्यक्ष बोलताना ते कसे ओळखायचे?

वर्णमाला पाठ असलेल्या माणसाला हे काम इतरांपेक्षा सोपे जाते. प्रत्येक वर्गातील पहिली दोन व्यंजने कठोर, पुढची दोन मृदू आणि पाचवे अनुनासिक, ही मांडणी स्वरतंतू कंप पावतात की नाही यावरच आधारलेली आहे. गळ्यावर बोटे ठेवून ‘सऽऽऽ’ असा लांब आवाज काढावा, म्हणजे बोटांना काही जाणवत नाही. लगेच ‘झेरॉक्स’मधला ‘झ’ लांबवावा, म्हणजे गुणगुण जाणवते. प् आणि ब् यांवर हा प्रयोग करू नये, कारण ते सुटे उच्चारताना मागे ‘अ’ येतोच आणि त्या ‘अ’चा कंप व्यंजनाचा वाटून फसगत होते.

हे तीन उच्चार झालेच का? एकच ठेवला असता तर शिकणाऱ्याची सोय झाली असती.

सोय झाली नसती. ‘वॉक’मधील क् म्हणताना स्वरतंतू शांत असतात आणि ड् म्हणताना ते कंप पावावे लागतात. मध्ये स्वर न घेता क् वरून थेट ड् वर उडी मारणे जिभेला आणि गळ्याला कष्टाचे असल्यामुळे ड् आपोआप ट् होतो. मराठीच्या व्याकरणात व्यंजनसंधी शिकताना आपण हेच शिकलेलो असतो : जगत् आणि गुरु यांचा जगद्गुरू होतो, विपद् आणि काल यांचा विपत्काल होतो. रोजच्या बोलण्यातही ‘एक गोष्ट’ हे शब्द ओघात ‘एग्गोष्ट’ असे ऐकू येतात. फरक इतकाच की संधीत आधीचा वर्ण पुढच्याशी जुळवून घेतो, तर इंग्रजी भूतकाळात पुढचा वर्ण आधीच्याशी जुळवून घेतो. तत्त्व एकच आहे, आणि म्हणूनच हा नियम इंग्रजी म्हणून घोकण्यापेक्षा संधी म्हणून समजून घेतलेला बरा, असे आमचे मत आहे.

ट् आणि ड् नंतर मात्र ही युक्ती चालत नाही. ‘वॉन्ट’नंतर आणखी एक ट् लावला, तर तो वेगळा ऐकूच येणार नाही आणि वर्तमान कोणता, भूतकाळ कोणता हे कळणार नाही. म्हणून तेवढ्या ठिकाणी मधला स्वर टिकून राहिला आहे.

उच्चारच नाही, तर ‘वॉक्ट्’ लिहिताना मध्ये ‘ई’ का लिहितात?

कारण एके काळी तो उच्चारला जात असे. जुन्या इंग्रजीत हा प्रत्यय स्वरासह बोलला जाई आणि पुढे शतकांच्या ओघात, ट् व ड् नंतरची जागा सोडून, तो स्वर झिजत गेला. हा बदल सर्वांना रुचला नाही. इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२ मध्ये, त्या वेळचे अर्थमंत्री असलेल्या ऑक्सफर्डच्या अर्लना उद्देशून प्रसिद्ध केलेल्या पत्रात, ‘डिस्टर्ब्ड्’, ‘रिब्यूक्ट्’ यांसारख्या रूपांत स्वर गाळून व्यंजनांची टक्कर घडवली जाते, अशी तक्रार केली होती. आज त्यांना खटकलेले उच्चारच प्रमाण मानले जातात, ही गोष्ट भाषेच्या शुद्धतेबद्दल फार चिडणाऱ्या माणसाने लक्षात ठेवण्यासारखी आहे.

लेखन मात्र मागेच राहिले. विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे छापखाना सुरू केल्यानंतर इंग्रजी शब्दांची लेखी रूपे हळूहळू स्थिर होत गेली. त्याच काळात आणि त्यानंतरही दीर्घ स्वरांचे उच्चार मोठ्या प्रमाणावर सरकत होते आणि ‘नाइट’, ‘नी’ यांसारख्या शब्दांतली काही व्यंजने बोलण्यातून नाहीशी होत होती. जुन्या उच्चारांचा ठसा कागदावर राहिला आणि तोंडातला उच्चार पुढे निघून गेला. इंग्रजी अक्षरे २६ आणि ब्रिटिश प्रमाण उच्चारातील ध्वनी मात्र साधारण ४४, म्हणजे २४ व्यंजने आणि २० स्वर, असे मोजले जातात. तेव्हा अक्षरावरून उच्चार काढण्याचा मार्ग पहिल्यापासूनच अरुंद आहे.

नियम लावताना शेवटचे अक्षर पाहायचे की शेवटचा ध्वनी?

नेहमी ध्वनी. सर्वाधिक चुका येथेच होतात. ‘लाफ’ या शब्दाच्या शेवटी लिहिताना ‘जी-एच’ येतात, पण कानाला फ् ऐकू येतो, म्हणून लाफ्ट्. ‘फिक्स’च्या शेवटी ‘एक्स’ असला तरी ध्वनी स् आहे, म्हणून फिक्स्ट्. ‘डान्स’च्या शेवटी लेखनात ‘ई’ आहे. त्याकडे पूर्ण दुर्लक्ष करावे आणि स् नंतर डान्स्ट् म्हणावे.

‘एस’ हे अक्षर विशेष फसवे आहे, कारण ते कधी स् आणि कधी झ् म्हणून उच्चारले जाते. बंद करणे या अर्थाच्या क्रियापदात झ् आहे, म्हणून क्लोझ्ड्. वर उचलणे या अर्थाच्या ‘रेझ’चे रूप रेझ्ड्, पण शर्यत लावणे या अर्थाच्या ‘रेस’चे रूप रेस्ट्. या दोन शब्दांत शेवटचे ध्वनी जोडीने बदलतात, झ्-ड् नाही तर स्-ट्, आणि मध्येच घोटाळा झाला की अर्थही बदलतो.

मराठी भाषकांकडून या प्रत्ययाबाबत कोणत्या चुका अधिक होतात?

पहिली आणि सर्वांत ठळक चूक म्हणजे सगळीकडे स्वर घालणे : ‘आस्केड’, ‘लाइकेड’, ‘स्टॉपेड’. प्रस्तुत लेखकाने स्वतः कित्येक वर्षे ‘आस्केड’ असेच म्हटले आहे, आणि वर्गात कोणी हटकले नाही, कारण वर्गात सगळेच तसे म्हणत होते. या चुकीमुळे शब्दात एक सिलॅबल वाढते आणि ऐकणाऱ्याला क्षणभर तो शब्दच ओळखू येत नाही.

दुसरी चूक आपल्या लेखनातून येते. ‘मिस्ड कॉल’, ‘फिक्स्ड डिपॉझिट’, ‘ॲडव्हान्स्ड’ असे आपण ‘ड’ घालून लिहितो, कारण मूळ लेखनात ‘डी’ दिसतो. उच्चार मात्र अनुक्रमे मिस्ट्, फिक्स्ट् आणि अडव्हान्स्ट् असे आहेत. स् नंतर ड् म्हणता येत नाही, म्हणून बोलताना आपण तो सरळ सोडून देतो आणि ‘मिस कॉल’ म्हणतो. ‘रिटायर्ड’ आणि ‘सर्टिफाइड’ या शब्दांत मात्र ‘ड’ बरोबर आहे, कारण तेथे आधीचा ध्वनी मृदू आहे किंवा स्वर आहे.

हे कानाला पटावे म्हणून एक जोडी सांगता येईल. ‘गेस्ट हाऊस’मधला गेस्ट आपण अचूक म्हणतो. अंदाज करणे या अर्थाच्या ‘गेस’चे भूतकाळी रूप उच्चारात तंतोतंत तसेच आहे, लेखन वेगळे, ध्वनी एक. तसेच ‘पॅक’चे भूतकाळी रूप आणि करार या अर्थाचा ‘पॅक्ट्’, ‘मिस’चे भूतकाळी रूप आणि धुके या अर्थाचा ‘मिस्ट्’ हे ऐकताना वेगळे सांगता येत नाहीत. ज्याला ‘गेस्ट’ म्हणता येतो, त्याला ‘मिस्ट्’ आणि ‘पास्ट्’ म्हणता येणारच.

ट् आणि ड् यांतला फरक खरोखर इतका महत्त्वाचा आहे का?

खरे सांगायचे तर नाही. ‘इड्’ कुठे जोडायचा आणि कुठे नाही, हा फरक अत्यावश्यक आहे. तो सांभाळला आणि अन्यत्र मध्ये स्वर घातला नाही, तर ट् की ड् हा निवाडा बऱ्याच वेळा तोंडच करते. त्यामुळे सुरुवातीच्या शिकणाऱ्याने तीन रकाने पाठ करण्यापेक्षा एकच प्रश्न विचारावा : मूळ शब्द ट् किंवा ड् ने संपतो का? नसेल, तर झटका वाढवायचा नाही.

काही शब्दांत ट् किंवा ड् नसतानाही ‘इड्’ ऐकू येतो. तो नियमाला अपवाद आहे का?

आहे, पण बहुतेक वेळा ते शब्द क्रियापदे नसून विशेषणे असतात आणि त्यांत जुना स्वर टिकून राहिला आहे. उघडा या अर्थाचा नेकिड्, दुष्ट या अर्थाचा विकिड्, वाकडा या अर्थाचा क्रुकिड्, खडबडीत या अर्थाचा रगिड्, पवित्र या अर्थाचा सेक्रिड् आणि दीनवाणा या अर्थाचा रेचिड् ही त्यांची नेहमीची उदाहरणे आहेत.

काही शब्द दोन्ही घरचे पाहुणे आहेत. ‘लर्न’चे भूतकाळी रूप लर्न्ड्, पण विद्वान या अर्थाचे विशेषण लर्निड्. एखाद्याचे वय सांगताना एज्ड्, पण वृद्ध मंडळी असा अर्थ असेल तेव्हा एजिड्. पिच्छा पुरवला या अर्थी डॉग्ड्, चिवट या अर्थी डॉगिड्. शिवाय अशा रूपांना ‘ली’ लागून क्रियाविशेषण झाले की पुष्कळदा हा स्वर परत येतो : सपोझ्ड् पण सपोझिड्ली, मार्क्ट् पण मार्किड्ली, अलेज्ड् पण अलेजिड्ली. ही यादी छोटी आहे. ती भेटेल तशी ओळखीची करून घ्यावी.

‘इड्’ म्हणावे की ‘अड्’?

दोन्ही चालतात. ब्रिटिश उच्चारात तो स्वर इकाराकडे आणि अमेरिकी उच्चारात अनेकदा अस्पष्ट अकाराकडे झुकतो. आपल्याला सवयीचा असलेला ‘लिमिटेड’मधला स्पष्ट एकार मात्र टाळावा, हा स्वर लहान आणि बिनआघाताचा, म्हणजे जोर न पडणारा असतो, ताणून म्हणण्याचा नसतो.

इंग्रजी बोलणारे लोक भरभर बोलताना हा प्रत्यय ऐकूच येत नाही. ते तो गाळतात का?

कधी गाळतात, कधी पुढच्या शब्दाला चिकटवतात. पुढचा शब्द स्वराने सुरू होत असेल, तर प्रत्यय त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो : ‘स्टॉप्ट् इट’ हे ऐकताना ‘स्टॉप्-टिट’ वाटते आणि ‘प्लेड् आउट’ हे ‘प्ले-डाउट’ वाटते. शिकणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठी सोय आहे, कारण शब्दाच्या शेवटी अडखळणारी व्यंजने पुढच्या स्वराच्या आधाराने सहज सुटतात. म्हणून सराव ‘हेल्प्ट्’ या सुट्या शब्दाने न करता ‘हेल्प्ट् अस’ अशा जोडीने सुरू करावा.

पुढे व्यंजन आले तर चित्र बदलते. ‘वॉक्ट् टू’ म्हणताना दोन ट् मिळून एकच, किंचित लांबलेला ट् होतो, आणि ‘वॉक टू’ व ‘वॉक्ट् टू’ यांत जवळजवळ फरक उरत नाही. ‘आस्क्ट्’मध्ये स्, क् आणि ट् अशी तीन व्यंजने लागोपाठ येतात, भरभर बोलताना मधला क् बहुधा गळतो आणि ‘आस्ट्’ उरतो. अशा वेळी ऐकणारा माणूस काळ ओळखतो तो ‘यस्टर्डे’सारख्या शब्दांवरून आणि एकंदर संदर्भावरून. आपल्याला तो प्रत्यय ऐकू आला नाही, यात कानाचा दोष नसतो.

अमेरिकी बोलण्यात आणखी एक गोष्ट आढळते : दोन स्वरांमधला ट् मऊ होऊन ड् सारखा ऐकू येतो. त्यामुळे ‘वेटिड्’ हा शब्द ‘वेडिड्’सारखा वाटतो.

‘यूझ्ड् टू’चा उच्चार वेगळा का ऐकू येतो?

वापरला या अर्थाचे रूप यूझ्ड् आहे. पण पूर्वी करत असे किंवा सवय आहे या अर्थाने ‘टू’सह येताना तो ‘यूस्टू’ असा एकसंध शब्द होतो. पुढच्या कठोर ट् ने मागच्या दोन्ही ध्वनींना कठोर केले आहे. येथे मात्र इंग्रजी अगदी आपल्या व्यंजनसंधीसारखीच वागते.

अनेकवचनाच्या ‘एस’लाही असाच नियम आहे का?

हो, तत्त्व तेच. कठोर ध्वनीनंतर स् : कॅट्स, बुक्स. मृदू ध्वनीनंतर आणि स्वरानंतर झ् : डॉग्झ, बॉइझ. स्, झ्, श्, च्, ज् अशा शिटीसारख्या ध्वनींनंतर इझ् : बसिझ्, वॉचिझ्. क्रियापदाच्या तृतीयपुरुषी एकवचनी रूपांनाही हेच लागू होते.

इंग्रजी मातृभाषा असलेली मुले हे कधी शिकतात?

शाळेत जाण्याच्या वयापर्यंत बरेचसे, आणि तेही कोणी नियम न सांगता. भाषाभ्यासक जीन बर्को यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४ ते ७ वर्षांच्या मुलांना चित्रे दाखवून, अस्तित्वातच नसलेल्या शब्दांची अनेकवचने आणि भूतकाळी रूपे तयार करायला सांगितली होती. कधीही न ऐकलेल्या क्रियापदाला मुले योग्य प्रकारे ट् किंवा ड् लावत. मात्र बनावट क्रियापद स्वतःच ट् किंवा ड् ने संपत असेल, तेव्हा ‘इड्’ जोडणे त्यांना लक्षणीयरीत्या अवघड जाई आणि पुष्कळ मुले शब्द तसाच ठेवत. म्हणजे त्या मुलांना जे अवघड, तेच आपण सगळीकडे लावत सुटतो, कारण आपण भाषा कानांनी शिकण्याआधी डोळ्यांनी शिकतो.

‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ या अक्षरांचे उच्चार वेगळे कसे करावेत?

मराठीतला व या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे. ‘व्ही’साठी वरचे दात खालच्या ओठाला हलकेच लावून आवाज घासत बाहेर सोडावा. ‘डब्ल्यू’साठी दातांचा संबंधच येऊ देऊ नये, ओठांचा चंबू करून तो झटकन उघडावा, ‘ऊ’ म्हणता म्हणता पुढच्या स्वरावर गेल्यासारखा.

यातही आपले लेखन आडवे येते. ‘व्हिडिओ’, ‘व्हॅन’ असे लिहिताना आपण ‘व’ला ‘ह’ जोडतो आणि मग तो ‘ह’ उच्चारतोही. मूळ ध्वनीत हकाराचा लवलेशही नाही. ‘व्ह’ ही केवळ लेखनातली खूण आहे, असे समजून वाचावे.

‘थिंक’ आणि ‘दिस’ यांतले थ आणि द आपल्यासारखेच आहेत ना?

जागा जवळची आहे, कृती वेगळी आहे. आपल्या थ आणि द मध्ये जीभ दातांना टेकून हवा पूर्ण अडवते आणि मग सोडते. इंग्रजी ध्वनीत जिभेचे टोक वरच्या दातांच्या कडेशी अलगद असते आणि हवा फटीतून सतत वाहत राहते, त्यामुळे तो ध्वनी ‘स’प्रमाणे लांबवता येतो. आपला थ लांबवता येत नाही, एवढी एकच परीक्षा पुरेशी आहे.

ट आणि ड तरी बरोबर असतात का?

ऐकणाऱ्याला समजण्याइतके असतात. मराठी ट, ड म्हणताना जिभेचे टोक मागे वळून टाळूला लागते. इंग्रजीत ते वरच्या दातांच्या लगेच मागे असलेल्या उंचवट्याला लागते, म्हणजे त आणि ट यांच्या मधल्या जागी. याहून अधिक परिणाम करणारी बाब हवेच्या झोताची आहे. आघात असलेल्या सिलॅबलच्या सुरुवातीला येणाऱ्या प्, ट्, क् सोबत इंग्रजीत हवेचा स्पष्ट झोत बाहेर पडतो. तोंडासमोर पातळ कागद धरून ‘पिन’ म्हटले, तर तो हलला पाहिजे. आपण महाप्राण, म्हणजे ख, ठ, फ अशा झोतासह येणाऱ्या ध्वनींसाठी वेगळी अक्षरे राखून ठेवल्यामुळे येथे झोत देत नाही, आणि मग आपला ‘पिन’ परक्या कानाला ‘बिन’ वाटू शकतो. स् नंतर मात्र झोत नको : ‘स्पिन’ आणि ‘स्टॉप’ आपण मुळातच योग्य म्हणतो.

‘शिप’ आणि ‘शीप’ यांसारख्या जोड्यांत गोंधळ का होतो?

मराठीत ऱ्हस्व आणि दीर्घ इकाराने अर्थ बदलणाऱ्या ‘दिन’ आणि ‘दीन’, ‘शिर’ आणि ‘शीर’ अशा जोड्या आहेत, पण त्या थोड्या आहेत, आणि रोजच्या बोलण्यात ती लांबी आपण काटेकोरपणे पाळत नाही. इंग्रजीत असे शब्द ढिगाने आहेत. शिवाय तेथे फरक केवळ लांबीचा नाही : ‘शीप’मध्ये ओठ ताणलेले असतात, ‘शिप’मध्ये तोंड सैल असते. लांबी मोजण्यापेक्षा तोंडाचा ताण बदलावा.

आघात म्हणजे काय, आणि तो चुकल्याने काय बिघडते?

पुष्कळ बिघडते, किंबहुना एखादे व्यंजन चुकल्यापेक्षा अधिक. मराठीत आपण शब्दातल्या सिलॅबलांना साधारण सारखा न्याय देतो. इंग्रजीत एका सिलॅबलवर जोर पडतो, ते लांबते, आणि बाकीच्यांचे स्वर आक्रसून अस्पष्ट ‘अ’ होतात. ‘फोटोग्राफ’मध्ये जोर पहिल्या सिलॅबलवर, फोटोग्राफीच्या इंग्रजी शब्दात तो दुसऱ्यावर जाऊन उच्चार ‘फटॉग्रफी’ असा होतो, आणि ‘फोटोग्राफिक’मध्ये तिसऱ्यावर. ‘रेकॉर्ड’ हे नाम असताना जोर पहिल्यावर, क्रियापद असताना दुसऱ्यावर पडून ते ‘रिकॉर्ड’ होते.

आघाताचा आणि ‘ई-डी’चा एक धागा लेखनातही दिसतो. भूतकाळी रूप लिहिताना शेवटचे अक्षर दुप्पट करायचे की नाही, हे लांब शब्दांत पुष्कळदा आघातावर ठरते. ‘परमिट’ या क्रियापदात जोर शेवटी आहे, म्हणून ‘परमिटिड्’ लिहिताना ‘टी’ दोनदा येतो. ‘व्हिजिट’मध्ये जोर सुरुवातीला आहे, म्हणून ‘टी’ एकदाच. ब्रिटिश लेखनात ‘ट्रॅव्हल’चे भूतकाळी रूप दोन ‘एल’ घेते आणि या नियमाला बगल देते. अमेरिकी लेखन येथे नियमाला धरून राहते. ‘ई-डी’च्या तुकड्यावर स्वतःचा जोर मात्र कधीच नसतो.

ब्रिटिश उच्चार शिकावा की अमेरिकी?

ज्यांच्याशी बोलायचे आहे आणि जे अधिक ऐकायला मिळते, तो. फरक खरा आहे, उदाहरणार्थ ‘कार’ किंवा ‘पार्क’मधला र् ब्रिटिश प्रमाण उच्चारात ऐकू येत नाही, अमेरिकी उच्चारात येतो, पण ‘ई-डी’चा नियम दोन्हीकडे एकच आहे. आपल्या बोलण्यातला मराठी वळसा पूर्ण पुसून टाकण्याच्या मागे लागणे आम्हाला वेळेचा अपव्यय वाटतो. ऐकणाऱ्याला दुसऱ्यांदा विचारावे लागणार नाही, इतके साधले की बाकी वळसा राहिला तरी हरकत नाही.

शब्दकोशातल्या उच्चारचिन्हांची लिपी शिकणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही, पण लाभ मोठा आहे. आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटना १८८६ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झाली आणि तिने १८८८ मध्ये या लिपीचे पहिले रूप प्रसिद्ध केले. एका ध्वनीला एक चिन्ह, हे तिचे सूत्र आहे. देवनागरी जाणणाऱ्याला ही कल्पना मुळीच नवी नाही. इंग्रजीसाठी लागणारी चिन्हे चाळीस-पंचेचाळीसच असून त्यांतली बरीचशी ओळखीची रोमन अक्षरे आहेत.

सराव कसा करावा?

दिवसाच्या शेवटी आपण त्या दिवशी काय काय केले याची दहा वाक्ये भूतकाळात मोठ्याने म्हणावीत आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत. ऐकताना एकच गोष्ट तपासावी : नको तेथे झटका वाढला आहे का? दुसऱ्या दिवशी त्याच वाक्यांत दुसरी गोष्ट तपासावी. एका वेळी सगळे दुरुस्त करायला गेलेला माणूस आठवड्याभरात सराव सोडतो. दुसरी पद्धत म्हणजे इंग्रजी बोलणाऱ्याचे लहानसे वाक्य ऐकून, लेखन न पाहता, लगोलग त्याच चालीत म्हणणे. लेखन पाहिले की डोळे पुन्हा कानांवर मात करतात, म्हणून ते नंतर पाहावे.

नव्याने तयार झालेल्या क्रियापदांना कोणता नियम लावायचा?

हाच. ‘टेक्स्ट’ ट् ने संपतो, म्हणून टेक्स्टिड्; अनेक जण त्याचे भूतकाळी रूप ‘टेक्स्ट’ असेच ठेवतात, तेही बर्को यांच्या प्रयोगातल्या मुलांप्रमाणेच. ‘ट्वीट’चे ट्वीटिड्, ‘गूगल’चे गूगल्ड्, ‘झूम’चे झूम्ड् आणि ‘फोटोशॉप’चे फोटोशॉप्ट्.